आता उभे पट्टे, बरं का

येळवंडे सर पहिल्यांदा आमच्या सेंटरवर आले तेव्हा मी त्यांना पेशंट समजून बाकावर बसवलं होतं. बसवणार नाही तर काय! रविवारची सकाळ, अंगात बिनबटणांचा सुती सदरा, खाली नाडीचा पायजमा, पायात रबरी चपला आणि हातात प्लास्टिकचा डबा. मी आपली नेहमीच्या सुरात विचारायला लागले, "काका, बरोबर कोण आलंय? पोटात काही आहे का?" त्यावर ते अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "पोहे खाल्लेत. चालतील ना?" मी म्हटलं बसा. बसले. आमचे मोठे डॉक्टर आले आणि ओरडलेच, "अहो रेखाताई, हे सायंटिस्ट आहेत! सर, तुम्ही इथे काय करताय?" सर म्हणाले, "ताईंनी बसा म्हटलं, बसलो. बाक चांगलाय तुमचा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या पायजम्याचं कारण मग कळलं. आमचं मशीन म्हणजे एमआरआय. भलंमोठं चुंबक. चावी, नाणं, पट्ट्याचं बक्कल, काय असेल ते खेचून घेतं. पँटची चेन आणि शर्टाची बटणं यांचा हिशेब ठेवण्यापेक्षा रविवारी धातूच अंगावर नको, असा सरांनी साधा निकाल लावून टाकला होता. "नाडीला चुंबक काय करणार, ताई?" असं म्हणून ते खुशाल आत-बाहेर करायचे. पुढे आमचा वॉचमनसुद्धा त्यांना बघून म्हणायचा, "आले बघा नाडीवाले शास्त्रज्ञ." सरांच्या कानावर ते गेलं, तर त्यांना रागबिग काही नाही. उलट बायकोला जाऊन सांगितलं आणि दोघं हसली.

ते पुण्यातल्या एका संस्थेत काम करत. त्या संस्थेने आमच्या चिंचवडच्या सेंटरचं मशीन रविवारपुरतं घेतलं होतं आणि ते चालवायला मी. सर मूळचे चाकणच्या अलीकडच्या एका गावातले, शेतकऱ्याच्या घरातले. घराण्यात पहिलेच एवढे शिकलेले. पेशंटशी, डॉक्टरांशी बोलताना भाषा अगदी स्वच्छ, पुस्तकातली. पण आनंद झाला किंवा वैताग आला की आतलं गाव बाहेर यायचं. "व्हय की!" म्हणायचे, "आसं कुठं आसतंय व्हय?" म्हणायचे, आणि मग स्वतःच हसायचे. मी लातूरकडची, औशाची. माझीही भाषा इकडच्या लोकांना खटकतेच, म्हणून मला ते बरं वाटायचं.

आता त्यांचं काम काय ते सांगते. मला कळलं तेवढंच सांगते, त्यापुढचं मला विचारू नका. सर म्हणायचे, डोळा ही नुसती खिडकी. बघायचं काम होतं ते इथे. असं म्हणून स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर, मानेच्या जरा वर, दोन बोटांनी टकटक करायचे. बोलता बोलता इतक्यांदा टकटक करायचे की तिथले केस पातळ झाले होते. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, डोक्यावर तिरका आरसा लावायचा आणि त्या आरशातून त्याला पडद्यावरचे काळे-पांढरे पट्टे दाखवायचे. उभे, आडवे, तिरपे. मध्येच बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. आणि ते बघताना मागच्या मेंदूत कुठे रक्त जास्त धावतं ते मशीनने टिपायचं. कॉम्प्युटरवर करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके उमटायचे. मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्यासाठी एवढं मशीन?

सर म्हणाले, "ताई, चाकणचा बाजार पाहिलाय का?" पाहिला होता. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी त्याच्याबरोबर कितीदा गेले होते. "मग झालं तर. कांदा एका बाजूला, बटाटा एका बाजूला, गुरं पार तिकडं. कोणी पाटी लावलेली नाही, पण ज्याची त्याची जागा ठरलेली. मेंदूतही तसंच आहे. उभ्या रेघेला ओळखणाऱ्या पेशी एका जागी, जरा तिरपी रेघ ओळखणाऱ्या त्यांच्या शेजारी, आडव्या रेघेच्या आणखी पुढं. सगळी नक्षी अशी वाटून घेतलेली. आपण म्हणतो, मला खिडकीचे गज दिसले. पण तिकडं आधी बाजार भरतो, मग दिसतं." मी त्या दिवशी घरी जाऊन खिडकीचे गज बघत उभी राहिले होते. नवऱ्याला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

मशीनमध्ये झोपायला माणसं लागायची, धडधाकट डोळ्यांची. सर ती कुठूनही गोळा करून आणायचे. थेरगावला ते राहायचे त्या सोसायटीतली, डांगे चौकात भाजी घेताना ओळख झालेली, गावाकडची. एकदा त्यांच्या शेजारच्या मावशींना घेऊन आले. मावशी उत्साहाने आल्या, बांगड्या काढल्या, साडीच्या पिना काढल्या, गाऊन घातला. आणि मंगळसूत्राशी आल्यावर अडल्या. म्हणाल्या, "हे लग्नापासून उतरवलं नाही. मी जाते घरी." मी समजावून थकले. असे पेशंट मला रोजचेच, पण त्या दिवशी काही केल्या जमेना. सर बाहेर गेले आणि मावशींच्या यजमानांना, बाहेर पेपर वाचत बसलेल्या काकांना, हाताला धरून आणलं. म्हणाले, "मावशी, ज्यांच्या नावाचं आहे त्यांच्याच गळ्यात ठेवा की तेवढा वेळ. मग उतरवलं कुठं, घरातच राहिलं." मावशींनी विचार केला, आणि मुकाट काकांच्या गळ्यात घातलं. काका तासभर वेटिंगमध्ये मंगळसूत्र घालून पेपर वाचत बसले होते. येणारे-जाणारे थबकून बघायचे. काकांची मान ताठ.

आणि ते बोलणं! सरांची सगळ्यात मोठी खोड ती. आधी बोलत नसत. पण एका रविवारी चाकणच्या कंपनीतला एक मुलगा नाईट शिफ्ट करून तसाच थेट मशीनमध्ये आला. पडद्यावर पट्टे येतायत, जातायत, आणि मशीनच्या खडखडाटावर मात करून घोरणं ऐकू येतंय. सर म्हणाले, "हा गेला. बाजार बंद." त्याला उठवलं, चहा पाजला, घरी पाठवला. त्या दिवसापासून माणूस जागा राहावा म्हणून सर माईकवरून बोलायला लागले. आतल्याच्या कानावर हेडफोन असतो. पट्टे बदलले की सर लगेच सांगायचे, "आता उभे पट्टे, बरं का... आता काही नाही, नुसता पडदा... आता आडवे, बघताय ना भाऊ?" आवाज असा की लहान मूल झोपवावं आणि मोठा माणूस जागा ठेवावा. जाड, खालचा, घाई नसलेला. मशीनला घाबरणारी बाईसुद्धा त्या आवाजावर निवांत पडून राहायची. बाहेर आल्यावर म्हणायची, "भीती कसली? ते सर होते ना बरोबर."

संस्थेतल्या पोरांनी त्यांना टोकलं होतं, सर, अशाने घोळ होईल. सरांनी तेही तपासून पाहिलं होतं. पट्टे बंद ठेवून नुसतं बोलून पाहिलं, तर मागचा भाग ढिम्म. "ऐकायचं दुकान इकडं कानापाशी, बघायचं मागं. एकाचा दुसऱ्याला त्रास नाही," असं म्हणाले, आणि बोलत राहिले.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं ते आता सांगायलाच हवं. सरांना एकुलती एक मुलगी, सई. पाळण्यात होती तेव्हा ताप डोक्यात गेला. जगली, पण डोळ्यांच्या मागच्या नसा सुकल्या. डोळे दिसायला सुंदर, काळेभोर, टपोरे, आणि त्यांना दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळत असेल तर असेल. त्या "असेल तर असेल"वर सरांनी नऊ वर्षं काढली. स्वतःचा आधीचा विषय सोडून या विषयात शिरले ते तिच्यासाठी. त्यांचं म्हणणं एकच, एखादी तरी नस जिवंत असेल, थोडी तरी नक्षी मागे पोचत असेल. पोचत असेल तर तिला बघायला शिकवता येईल.

त्यांच्या बायकोचं, वैशालीताईंचं म्हणणं निराळं होतं. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. शांत बाई, पण बोलली की सरळ. आळंदी रस्त्याला अंध मुलींची एक शाळा आहे, तिथेच राहायची सोय. त्यांना सईला तिथे घालायचं होतं. ठिपक्यांची लिपी शिकेल, काठी घेऊन चालायला शिकेल. सरांना काठी शब्द चालायचा नाही. "एकदा काठी हातात दिली की ती बघायचं सोडून देईल," म्हणायचे. पोरगी साध्या शाळेत शेवटच्या बाकावर नुसती ऐकत बसायची. वैशालीताई एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "नऊ वर्षांची झाली ताई, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. आणि हे म्हणतात, थांब."

शेवटी दोघांचं ठरलं. रीतसर परवानगी काढून सईला मशीनमध्ये घालायचं. मागे काही उमटलं तर सरांचं ऐकायचं, नाही उमटलं तर जूनमध्ये आळंदी रस्त्याची शाळा.

सई आली. काय चुरूचुरू बोलायची, बाई गं! मी रेखामावशी म्हटल्यावर माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही भाकरी थापून आलात." खरंच आले होते. एवढं लहान मूल, मशीनमध्ये हलेल असं मला वाटलं. पण हलायचं नाव नाही. कानात बापाचा आवाज चालू, "आता उभे पट्टे, बरं का सई... आता काही नाही... आता आडवे..." आणि ती पडलेली, डोळे सताड उघडे.

आणि उमटलं. मी स्वतः पाहिलं. करड्या मेंदूच्या मागे, बरोबर त्या जागी, लाल-पिवळं. पट्टे आले की उमटतंय, पट्टे गेले की विझतंय. सर खुर्चीतून उठले, परत बसले. "दिसतंय," म्हणाले. "ताई, दिसतंय हो तिला. आवो, दिसतंय!" आणि एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. का नाही रडणार?

वॉचमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना जिलबी वाटली त्यांनी. वैशालीताईंच्या हातात जिलबीचा तुकडा तसाच राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "आज सकाळी दाराला धडकली हो ती. कपाळ बघा." पण ठरलं होतं ते ठरलं होतं. वैशालीताईंनी आळंदी रस्त्याच्या शाळेत घालून ठेवलेलं नाव काढून घेतलं.

पुढे सरांनी जे आरंभलं त्याला सोसायटीत लोक हसायचे. घरभर पट्टे! पांढऱ्या भिंतींवर काळी चिकटपट्टी, हातभर अंतरावर, उभी आणि आडवी. न्हाणीघरात पट्टे, सईच्या चादरीवर पट्टे, जेवायच्या ताटाखाली पट्ट्यांचा कागद. मी एकदा गेले होते, मला तर चक्कर आली. रोज संध्याकाळी सर तिच्यापुढे पुठ्ठा धरून विचारायचे, "सांग, उभे की आडवे?" ती सांगायची, आणि पुष्कळदा बरोबर सांगायची! सरांचा चेहरा बघवत नसे, इतका आनंद. वैशालीताई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायच्या.

असे दोन-चार रविवार सई येत राहिली, आणि दर वेळी तसंच उमटत राहिलं. मग उन्हाळ्यात सरांचा घसा बसला. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता आवाज गेलेला. बोलायला गेले की हवा यायची. मी म्हटलं, रविवार राहू द्या. ते कुजबुजत म्हणाले, "मी कुठं आत जाणार आहे? तिला नुसतं बघायचंय." सईला सांगितलं, बाबांचा घसा बसलाय, आज बोलणार नाहीत, तू जागी राहा. ती म्हणाली, "राहीन."

पट्टे सुरू झाले. उभे, आडवे, तिरपे. मागे काहीच नाही.

सर पुढे वाकले. मला खुणेनेच प्रोजेक्टर बघायला लावला. ठीक होता. आरसा बघितला, ठीक. सईला विचारलं, जागी आहेस? "आहे की मावशी." परत सुरुवात केली. परत काही नाही. नुसता करडा मेंदू. मी म्हटलं, "सर, मशीनचं काहीतरी झालं असेल." आणि मला मनापासून वाटत होतं, झालेलं असू दे. दुसरा कोणी असता तर त्याने मशीनवर ढकललं असतं, पोरीला घेऊन घरी गेला असता आणि घसा बरा झाल्यावर परत आला असता. पुन्हा लाल-पिवळं बघितलं असतं आणि सुखात राहिला असता.

सर त्या करड्या मेंदूकडे बघत बसले. टकटक नाही, काही नाही. मग उठून त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. पडदा काळा. माईक माझ्यापुढे सरकवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "तुम्ही बोला. मी बोलायचो तसंच. पडद्यावर काही नसू दे." मला कळेना हे काय. मी बोलले. "आता उभे पट्टे, बरं का सई... आता काही नाही..." तर मागे उमटायला लागलं! पुसट, पण तिथेच. मी बोलले की यायचं, थांबले की जायचं. आणि आत तर मिट्ट काळोख. एकही पट्टा नाही.

मग सरांनी माझ्या हातातून माईक घेतला. त्या फाटक्या, हवा भरलेल्या आवाजात म्हणाले, "सई, मी आहे." एवढंच म्हणाले, पुन्हा पुन्हा. आणि मागचा भाग असा उजळला की तसा मी कुणाचाच पाहिला नव्हता.

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "बाजारात जागा मोकळी राहत न्हाई, ताई. कांदेवाला आलाच न्हाई तर शेजारचा पथारी पसरतोय. नऊ वर्षं तिकडं डोळ्याकडनं माल आला न्हाई. कानानं ती जागा घेतली. धडधाकट माणसात तपासलं मी. तिच्यात तपासायला पाहिजे होतं. मला सुचलं न्हाई." थांबून म्हणाले, "सुचून घेतलं न्हाई."

मी आपली धीर द्यायला गेले. "पण सर, मग ते तुमच्या आवाजानं उजळतं की! तिच्या डोळ्यांच्या जागी तुम्हीच आहात. हे काय थोडं आहे?"

"हाय की," ते म्हणाले. "पण मला तिला दाखवायचं हुतं, ताई."



बाहेर वैशालीताई बसल्या होत्या. सईला मी मशीनमधून काढून त्यांच्याशेजारी बसवलं. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तिला पट्टे दिसत नाहीत. कधीच दिसले नव्हते. ते माझं बोलणं होतं." मला वाटलं होतं, वैशालीताई म्हणतील, मी सांगत होते ना. तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी सरांचा हात ओढून त्यांना बाकावर शेजारी बसवून घेतलं.

सई म्हणाली, "बाबा, माझं चुकलं का?"

"नाही बाळा. माझं चुकलं."

"मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "पुठ्ठ्यावर उभे असले की तुम्ही जरा जोरात विचारता. त्यावरून सांगायचे मी. तुम्ही किती खूश व्हायचात!"

सरांनी तिचं डोकं छातीशी धरलं. मी कंट्रोल रूममध्ये निघून आले. काम काही नव्हतं. उगाच बटणं दाबत बसले.

पट्ट्या काढताना भिंतीचा रंगही निघून आला म्हणे. तसाच ठेवला. जूनमध्ये सर स्वतः सईला घेऊन आळंदी रस्त्याच्या शाळेत गेले. काठी त्यांनीच विकत घेतली, तिच्या उंचीची, लाल मुठीची. लाल कशाला, असं मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी शाळेच्या फोनवर तिच्याशी बोलायचे, त्या बसलेल्या आवाजात. ती दम द्यायची, "बाबा, खडीसाखर खा, किती दिवस झाले!" ठिपक्यांनी नाव लिहायला शिकली ते तिने फोनवर सांगितलं. सर मला सांगायला मुद्दाम सेंटरवर आले होते. पायजमा नाही, चांगली पँट-शर्ट. मी तर ओळखलंच नाही क्षणभर.

घसा काही सुटेना. खडीसाखर, ज्येष्ठमध, वाफ, सगळं झालं. मीच मागे लागले, सर, दाखवा. गणपतीच्या आधी कळलं, स्वरयंत्राचा कॅन्सर. सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस! ऑपरेशन करायचं तर स्वरयंत्र काढावं लागणार, आवाज कायमचा जाणार. नाही करायचं तर जीव. मला देवाचा असा संताप आला की मी आठवडाभर दिवा लावला नाही. अरे, घ्यायचं तर दुसरं काही घे ना! हातपाय घे. त्या पोरीचं एवढं एकच होतं.

सरांनी ऑपरेशन करून घेतलं. सईला सांगितलं नाही. बाबा कामासाठी लांब गेलेत, तिथे फोन लागत नाही, एवढंच वैशालीताईंनी सांगितलं. दिवाळीला घरी आली की जवळ बसवून सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. दिवाळीला ती आली तेव्हा दुखणं पसरलेलं होतं आणि सर अंथरुणावर होते. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि लगेच ओळखलं, असं वैशालीताई सांगतात. सगळी सुट्टी ती त्यांच्या उशाशीच बसून होती. मी त्या दिवसांत गावी होते. थंडीतच सर गेले. माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते दिवाळीच्या आधीचे, दसऱ्याच्या सुमाराचे.

त्या दिवशी वैशालीताईंना त्यांच्या शाळेचं काम होतं आणि सरांनी हट्ट धरला होता, सईला लांबून बघून यायचं. बोलता येत नाही, एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी बरोबर गेले. डांगे चौकातून रिक्षा केली. सरांच्या गळ्याला मफलर, त्याआड ऑपरेशनमध्ये श्वासासाठी पाडलेलं भोक, अंगाला मलमपट्टीचा वास. वाटेत काही सांगायचं झालं की मोबाईलवर टाईप करून दाखवायचे. एवढंच दाखवलं, "ती आली तर हाक मारू नका. गळ्याला हात लावते ती, मी बोलताना. सवय आहे. भोक लागेल हाताला."

सईच्या शाळेत बाईंना आधी सांगून ठेवलं होतं. आम्हाला व्हरांड्यात उभं केलं. जेवणाची घंटा झाली आणि मुली वर्गांतून बाहेर पडल्या, कुणी काठी टेकत, कुणी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून. काय कलकलाट! त्यात मला सई दिसली. उंच झाली होती. लाल मुठीची काठी डावीकडे-उजवीकडे फिरवत ती पुढे, आणि एक लहानशी मुलगी तिचा ड्रेस धरून मागे. सई तिला सांगत होती, "आता पायरी येईल, उचल पाय. हां. आता नळ डाव्या हाताला." एकदाही अडखळली नाही. सरांनी माझं मनगट धरलं होतं, दुखेल इतकं घट्ट.

ती सरळ आमच्याच दिशेने आली. काठी सरांच्या चपलेला लागली, तिचा कोपर त्यांच्या हाताला घासला. ती थांबली. क्षणभर तिने मान वर केली. माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको.

"सॉरी काका," सई म्हणाली, काठी जराशी बाजूला घेतली आणि त्या लहानगीला घेऊन पुढे निघाली.

मागून येणाऱ्या मुलींना वाट मिळावी म्हणून सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि ती जेवणघरात शिरेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.